शेवटच्या बाकावरची नोकरी

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना इंग्रजी कसं शिकवायचं हे मी शिकवते. म्हणजे शिक्षकांची शिक्षिका. विद्यापीठात या विषयाला टीसॉल म्हणतात. नाव भारदस्त, पण कामाचा बराच भाग वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून होतो. पुढे विद्यार्थी-शिक्षकाचा सराव पाठ चाललेला आणि माझ्या मांडीवर वही. वहीत मी शिकवणाऱ्याबद्दल फारसं लिहीत नाही. शिकणारे काय बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घेते.

परवाचंच एक पान. एक मुलगा म्हणाला, "माय ब्रदर गो टू डॉक्टर यस्टरडे." शिक्षिका हसून म्हणाली, "ओ, ही वेन्ट टू द डॉक्टर यस्टरडे?" मुलगा म्हणाला, "येस, ही गो." झालं, ती पुढच्या बाकाकडे वळली. तिच्या पाठटाचणात 'चुका न दुखावता सुधारणे' असं लिहिलेलं होतं आणि तिच्या मते ते पार पडलं होतं. मुलाला मात्र वाटलं, मॅडम भावाची चौकशी करताहेत! त्यानं उत्तरही सौजन्यानं दिलं.

रॉय लिस्टर आणि लैला रांटा या संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांत हेच पाहिलं होतं. 1997 च्या त्यांच्या निबंधानुसार शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या अशा, म्हणजे वाक्य बरोबर करून परत म्हणण्याच्या, होत्या. आणि मुलांनी सगळ्यांत कमी दखल याच दुरुस्त्यांची घेतली. गंमत म्हणजे आमच्या या विद्यार्थिनीनं तो निबंध वाचलेला होता. परीक्षेत त्यावर उत्तम उत्तरही लिहिलं होतं.

मग वर्गात ते उत्तर जातं कुठे? डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं 1975 मध्ये अमेरिकेतल्या शिक्षकांबद्दल लिहिताना याचं कारण सांगून ठेवलंय. शाळा संपेपर्यंत मुलानं सुमारे 13,000 तास शिक्षक पाहिलेले असतात, तेही समोरून. शिक्षकाचं बोलणं, रागावणं, 'गुड' म्हणणं सगळं दिसतं. त्यामागचा विचार दिसत नाही. याच्यापुढे आमचा अभ्यासक्रम तो केवढा! सेल्टा हे इंग्रजी शिकवण्याचं जगभर चालणारं प्रमाणपत्र घ्या. 120 तासांच्या आसपास प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष वर्ग घेण्याचे तास फक्त 6. वर्गात गोंधळ झाला की माणूस 13,000 तासांकडेच धावणार.

म्हणून माझं आमच्याच जमातीशी भांडण आहे. शिक्षक घडवणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं नवशिक्यांचा वर्ग घेतलेला नसतो. 'शिक्षकानं कमी बोलावं' या विषयावर आम्ही स्लाइड दाखवत तासभर बोलतो, आणि कुणाला हसूही येत नाही. शोधनिबंध हवेतच, मी स्वतः लिहिते. पण ज्याला काही शिकवायचं असतं तो हात धरून शिकवतो, हे स्वयंपाकघरात कळतं तेवढं विद्यापीठात कळत नाही.

तेव्हा दर सत्रात मी इंग्रजीचा एक अगदी प्राथमिक वर्ग घेते आणि माझे विद्यार्थी-शिक्षक मागे वही घेऊन बसतात. त्यांनी बघायची गोष्ट साधी असते: प्रश्न विचारल्यावर मी काय करते. मेरी बड रो या संशोधिकेनं विज्ञानाच्या तासांत मोजलं होतं, शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. 3 सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. 3 सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटतं. फळ्यासमोर उभं राहून बघा. समोरची बाई छताकडे बघत ओठांतल्या ओठांत क्रियापद जुळवत असते, शेजारचा तिला उत्तर सांगायला टपलेला असतो, आणि आपल्या जिभेवर तेच उत्तर वळवळत असतं.

"मॅडम, तुम्हाला तेव्हा अस्वस्थ होत नाही?" एकानं विचारलं.

"होतं ना. म्हणून तर पाण्याची बाटली ठेवते. झाकण सावकाश उघडायचं, एक घोट घ्यायचा. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही."

पुढच्या सराव पाठांना अख्ख्या तुकडीच्या टेबलांवर बाटल्या. सिद्धान्तांची एवढी झपाट्यानं अंमलबजावणी मी आजवर पाहिलेली नाही.

या कामात मला आणखी एक फायदा आहे. मीही इंग्रजी परकी भाषा म्हणूनच शिकले. जन्मानं इंग्रजी बोलणाराच आदर्श शिक्षक, या समजुतीला रॉबर्ट फिलिप्सन या भाषाअभ्यासकानं 1992 मध्येच भ्रम ठरवलं, तरी ती काही जात नाही. 'द' कुठे घालायचा याची धास्ती मी भोगलेली आहे, त्यामुळे ती कुणाच्या चेहऱ्यावर उमटली की मला मागच्या बाकावरूनही कळते.

सत्राअखेर कामाच्या तासांचा तक्ता भरावा लागतो. व्याख्यानं, संशोधन, मार्गदर्शन, परीक्षा, सगळ्यांना रकाने आहेत. या वर्गाला नाही. कार्यालयातल्या भाऊंना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, 'इतर'मध्ये टाका." टाकलं.