पिंपामागचं राहिलं

शनिवार-रविवारी मी उन्हात उभी राहून नेमकं काय करते, हे सासूबाईंना अजून नीट कळलेलं नाही. शूटिंग म्हटलं की त्यांच्यासमोर तेजस्विनी सावंत उभी राहते, नाहीतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलेला कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. एका जागी, श्वास आवरून नेम धरणारी माणसं. आमच्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये भरलेलं पिस्तूल घेऊन पळायचं असतं. भिंतींच्या आडून, पिंपांच्या मागून, वाटेत मॅगझीन बदलत. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, असा हिशोब. "आणि तू?" सासूबाई विचारतात. मी टायमर घेऊन त्यांच्या मागे पळते. "मग?" मग काही नाही, गप्प राहते.

त्या हसतात, पण माझ्या कामाचं याहून खरं वर्णन नाही. इथे टेक्सासमध्ये मी हौसेने रेंज ऑफिसर, म्हणजे मॅचमधली पंच, झाले. दोन दिवसांचा कोर्स केला, परीक्षा दिली. त्या कोर्सात सगळ्यात जास्त वेळ गेला तो काय बोलायचं यावर. शब्द ठरलेले आहेत आणि ते तसेच्या तसे बोलायचे: "मेक रेडी." मग "आर यू रेडी?" समोरून नकार आला नाही तर "स्टँडबाय." त्यानंतर एक ते चार सेकंदांत टायमरची शिट्टी. शेवटी "इफ फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर," "इफ क्लिअर, हॅमर डाऊन अँड होल्स्टर," "रेंज इज क्लिअर." मधे बोलायचं ते फक्त सुरक्षेपुरतं. नळी नको तिकडे वळायला लागली तर "मझल," हलताना बोट ट्रिगरवर दिसलं तर "फिंगर," आणि थांबवायचंच असेल तर "स्टॉप." अशा इशाऱ्याने लक्ष विचलित झालं म्हणून कुणाला पुन्हा संधी मागता येत नाही. बाकी मदत म्हणून एक अक्षर नाही. क्लबच्या छोट्या, लेव्हल वनच्या मॅचमध्ये रेंज ऑफिसरची हरकत नसेल तर नवख्याने मागितलेली मदत करता येते, आणि मी ती आनंदाने करते. ही मॅच लेव्हल टू होती.

सकाळीच एक प्रसंग झाला. पहिल्या स्क्वाडमधल्या एका वयस्कर नेमबाजाने "मेक रेडी"नंतर मॅगझीन बसवलं, थोपटलं आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून दिलं. स्लाइड ओढून पहिली गोळी चेंबरमध्ये आणायची राहिली. चेंबर रिकामं. मला दिसलं, दिसणारच, कारण माझी नजर पिस्तुलावरून हलायचीच नसते. पण चेंबर भरायचं की नाही हे ज्याचं त्याने बघायचं, मधे पडायचं नाही, असा नियम आहे. तो बरोबरच आहे, तरी "स्टँडबाय"नंतरचे ते दोन-तीन सेकंद माझ्या घशात आवंढा असतो. शिट्टी वाजली. खट्. गोळी नाही. त्याने स्लाइड ओढली आणि पुढे गेला. संपल्यावर हसत म्हणाला, "तुला दिसलं होतं ना?" म्हटलं, दिसलं होतं. पहिल्या वर्षी अशाच एकाला मी न राहवून "शुअर?" असं विचारून बसले होते. आमच्या चीफ रेंज ऑफिसरने बाजूला घेऊन सांगितलं होतं, भुवईसुद्धा उचलायची नाही.

दुपारी माझ्या धाकट्या दिरांचा स्क्वाड आला. नात्याचं मी सकाळीच चीफच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, टायमर तू धर, स्कोअरचा टॅबलेट माझ्याकडे. भावजींसोबत जाऊबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा होता, रविवारची मराठी शाळा बुडवून आलेला. या पोराचं मराठी म्हणजे घरातला कायमचा वाद. जाऊबाई निपाणीच्या, भावजी साताऱ्याचे, पोरगा टेक्सासचा. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर इंग्लिशमधून. "काकू" एवढाच काय तो आमच्या वाट्याला आलेला मराठी शब्द. कानावर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे वाटणारे मफ्स लावून तो दोरीच्या मागे उभा होता.

स्टेज, म्हणजे एका फेरीची टार्गेटांची मांडणी, मोठी होती. १४ पुठ्ठ्याची टार्गेटं, प्रत्येकी दोन गोळ्या, शिवाय गोळी लागली की पडणारे चार लोखंडी पॉपर, म्हणजे ३२ गोळ्या आणि १६० गुण. त्यातलं एक टार्गेट निळ्या पिंपांच्या मागे असं ठेवलेलं की मधल्या एकाच जागेवरून दिसावं. पळण्याच्या भरात जागा ओलांडली की ते विसरलंच समजा.

भावजी सुरुवातीला छान खेळले. मग मधून डावीकडे पळत मॅगझीन बदलायला घेतलं, आणि मी सावध झाले. उजव्या हाताचा माणूस मॅगझीन बदलताना नळी आपोआप डावीकडे कलते. तो डावीकडे पळत असला की तीच नळी प्रेक्षकांच्या दिशेला यायला लागते. नव्वद अंशांची मर्यादा ओलांडली की मॅच संपली, घरी जा. "मझल!" मी ओरडले. नळी लगेच सरळ झाली. मॅगझीन बसलं. तेवढ्यात मागून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत:

"बाबा, पिंपामागचं राहिलं!"

भावजी उजवीकडे वळले, दोन पावलं मागे आले, पिंपांच्या फटीतून दोन गोळ्या, आणि पुन्हा डावीकडे धावत जाऊन उरलेली टार्गेटं संपवली. त्यांचे मफ्स इलेक्ट्रॉनिक, गोळीचा आवाज दाबणारे आणि बोलणं उलट मोठं करणारे. ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

पिस्तूल रिकामं झालं, होल्स्टरमध्ये गेलं, मी "रेंज इज क्लिअर" म्हटलं. चीफ जवळ येऊन हळूच म्हणाला, "मुलगा ओरडल्याने दचकला तो, मागे वळला. बाहेरचा अडथळा धरून रीशूट देऊ या. वेळ बघायच्या आत विचार त्याला." माणूस भला, आणि त्याला जे दिसलं त्यावरून म्हणणं योग्यच होतं. अडथळा आला तर पुन्हा खेळायची संधी देता येते, फक्त आपली वेळ आणि स्कोअर बघण्याआधी हो की नाही सांगायला लागतं. मी टायमरचा पडदा छातीशी धरला.

सबंध बेमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या त्या आवारात, ते वाक्य कळलेली चार माणसं. त्यातली तीन एकाच घरातली, आणि चौथी मी.

भावजी माझ्याकडे बघत होते. मी चीफला म्हटलं, "तो नुसता ओरडला नाही. पिंपामागचं टार्गेट राहिलं, असं म्हणाला."

"कुठल्या भाषेत?"

"आमच्या."

चीफने भावजींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, हो, तेच म्हणाला. मग मला मराठीत म्हणाले, "वहिनी, मी वळतच होतो हो."

"भावजी, इंग्लिशमध्ये बोला." हे जरा जास्तच कडक निघालं माझ्या तोंडून.

त्यांनी तेच इंग्लिशमध्ये सांगितलं. खरं असेलही. माझी नजर पिस्तुलावर होती, पायांवर नाही. आधी हाक आली की आधी पाऊल वळलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. टायमरमध्ये दोन गोळ्यांमधलं अंतर दिसतं. तिथे २.९ सेकंदांची फट होती. पण टायमरला गोळ्या ऐकू येतात, पोरं नाहीत.

नियमात मदत करणाऱ्याला आणि ती मिळालेल्या नेमबाजाला रेंज ऑफिसर आपल्या अखत्यारीत दंड "देऊ शकतो" असं आहे, "दिलाच पाहिजे" असं नाही. तेच जड गेलं. दिलाच पाहिजे असतं तर पुस्तकाकडे बोट दाखवून मोकळी झाले असते. मी एक प्रोसीजरल दंड लावला, दहा गुण वजा. रीशूट नाही. चीफ "तुझा निर्णय" म्हणाला आणि टॅबलेटवर नोंद केली.

स्क्वाडमध्ये लगेच दोन मतं. एक जण म्हणाला, नऊ वर्षांच्या पोरासाठी दहा गुण म्हणजे अतिच. दुसरा बोटांवर मोजत होता: टार्गेट राहिलं असतं तर मिळालेले दहा गेले असते, दोन मिसचे वीस, टार्गेटवर गोळीच न झाडल्याचे आणखी दहा, एकूण चाळीस. म्हणजे दंड भरूनही गडी तीस गुणांनी फायद्यात! हिशोब त्याचा बरोबर होता. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. भावजींना रेंज मास्टरकडे दाद मागता आली असती. ते गेले नाहीत. टॅबलेटवर स्कोअर मान्य केला आणि पेस्टर घेऊन टार्गेटांची भोकं बुजवायला निघाले.

पोरगा दोरीपाशी रडवेला उभा होता. जाऊबाईंनी त्याचे मफ्स काढून हातात घेतले होते. मी गेले तर म्हणाला, "काकू, इट वॉज मराठी. नोबडी अंडरस्टँड्स मराठी हिअर."

"मला कळतं ना रे."

त्याने यावर बराच विचार केला. पुढचा नेमबाज जागेवर येऊन थांबला होता, मला परत जायला लागलं.

संध्याकाळी फोनवर जाऊबाईंचा मेसेज होता. वाटेत गाडीत वडील-मुलाचं मस्त चाललं होतं म्हणे, गाणी वगैरे. माझ्यावर राग नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. खाली आणखी एक ओळ होती: "पुढच्या मॅचपर्यंत त्याला कानडी शिकवते. तुम्हाला येत नाही ना, जाऊबाई?"