तुम्ही विचारलंत म्हणून : काच किती जाडीची घ्यावी?

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरातली माशांची आठ फुटी काचेची टाकी पाहून गेलेले बहुतेक जण नंतर फोन करून एकच प्रश्न विचारतात : 'आम्हालाही एवढीच टाकी बांधायची आहे, काच किती जाडीची घ्यावी?' उत्तर देतोच, पण त्याआधी मी उलट विचारतो की टाकी ज्या जमिनीवर ठेवणार त्या जमिनीखाली काय आहे. हा प्रश्न अनेकांना उगाच आडवळणाचा वाटतो. मलाही तो सुरुवातीला सुचला नव्हता.

माझी टाकी आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे, म्हणजे ५० घनफूट, काठोकाठ भरल्यास सुमारे १,४१५ लिटर पाणी. काचेचेच वजन तीनशे किलोच्या वर जाते. त्यात लोखंडी स्टँड, दगड आणि वाळू मिळवली की दोन टनांचा हिशेब होतो, आणि हे सारे वजन वीस चौरस फुटांवर उभे राहते. राहत्या खोलीची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार (माणसे आणि सामान यांचे वजन) धरून आखलेली असते. टाकीखालच्या जागेवर मात्र चौरस मीटरला हजार किलोंहून अधिक भार येतो. म्हणून टिळकवाडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अशी टाकी ठेवू पाहणाऱ्या स्नेह्यांना मी सांगतो की तुळया कुठून गेल्या आहेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काचवाल्याकडे जाऊच नका.

आमचे घर तळमजल्यावरचे, त्यामुळे मी निश्चिंत होतो. हे घर आम्ही एका विणकर कुटुंबाकडून घेतले होते आणि टाकीसाठी निवडलेल्या खोलीत पूर्वी हातमाग होता, एवढे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र गवंड्याने पाणसळ लावल्यावर कळला. एका कोपऱ्याकडे फरशी अर्धा इंच उतरलेली होती. त्याने पहारीने फरशी ठोकून पाहिली, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाला, 'इल्ली गुंडी ऐत्री', म्हणजे इथे खड्डा आहे. विणकर पाय सोडून बसतो तो मागाचा खड्डा कधीतरी माती लोटून बुजवला होता आणि तो भराव अजून बसत होता. टाकी भरल्यावर तो कोपरा आणखी खचला असता, तर काचेला पीळ पडून तळाचा सांधा सुटला असता. आम्ही फरशी उखडली, भराव काढला, थराथराने मुरूम चोपला आणि वर सळईचे काँक्रीट घातले. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी ही चौकशी वडीलधाऱ्यांकडे अवश्य करावी.

दुसरा विषय पाण्याचा. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तरी २८० लिटर होते, म्हणजे पंधरा लिटरच्या जवळजवळ एकोणीस बादल्या. हा उत्साह दुसऱ्या महिन्यापर्यंत टिकत नाही. म्हणून टाकीजवळ नळ आणि निचरा आधीच काढून घ्यावा. राकसकोप आणि हिडकलहून येणारे नळाचे पाणी क्लोरिन घातलेले असते. मी ते ५०० लिटरच्या वेगळ्या टाकीत घेतो, क्लोरिन मारणारे हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालतो आणि रात्रभर हवा सोडून मगच वापरतो. घरच्या आडाच्या पाण्यात क्लोरिन नसतो हे खरे, पण पावसाळ्यात त्याचा गुण बदलतो, तेव्हा तपासल्याशिवाय तेही वापरू नये. निचऱ्याचे पाणी आमच्या नारळाला जाते आणि नारळाची त्याबद्दल तक्रार नाही.

माझी खरी फजिती विजेने केली. पाणी वरून ओसंडून स्टँडखालच्या सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या छोट्या टाकीत, उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो. वर जाणाऱ्या नळीचे तोंड मी पाण्यात चार इंच बुडवून ठेवले होते. मृगाच्या पहिल्याच पावसात रात्री वीज गेली, पंप थांबला आणि त्याच नळीतून पाणी उलटे खाली येऊ लागले. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ४७ लिटर. चार इंचांचे १९० लिटर सम्पमध्ये उतरले आणि सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नव्हती. सकाळी सौभाग्यवतींनी मला उठवले ते चांगल्या शब्दांत नव्हते. आता नळीचे तोंड पृष्ठभागाच्या जरासेच खाली आहे आणि पाणी उतरताच हवा ओढून प्रवाह तुटावा म्हणून तिला छोटे भोकही पाडले आहे. इन्व्हर्टरवर मोठा पंप नव्हे, हवेचा छोटा पंप ठेवला आहे, कारण गाळणीतले उपयुक्त जिवाणू प्राणवायूवाचून फार काळ तगत नाहीत. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट झिरपताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

आता काच. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, उंचीवर ठरतो. माझ्या दर्शनी काचेवर जवळजवळ ७०० किलोंचा रेटा आहे. उंची अडीचऐवजी दोन फूट केली असती तर तो साडेचारशेच्या आसपास आला असता. मी १९ मिलीमीटरची साधी काच घेतली आणि वरच्या कडेला आतून पट्ट्या चिकटवल्या. नळ्यांसाठी भोके पाडायची काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) घेऊ नये, कारण टफन्ड झाल्यावर तिला भोक पाडता येत नाही. टाकी खोलीतच जोडून घेतली. आमच्या दारातून ती आत आलीच नसती. आज पुन्हा बांधली तर उंची दोनच फूट ठेवीन, कारण तळ घासताना माझा हात खांद्यापर्यंत बुडतो आणि तरीही पुरत नाही.

मासे सगळ्यांत शेवटी. जिवाणू रुजून माशांना विषारी अशा अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे बऱ्याच कमी घातक नायट्रेट होऊ लागेपर्यंत सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता, आणि येणारा प्रत्येक पाहुणा मोकळ्या पाण्याकडे बघून 'मासे कुठे लपलेत?' म्हणून विचारत होता. नंतर सह्याद्रीच्या ओढ्यांतला, थोडे गार आणि वाहते पाणी मानवणारा, बाजारात 'मिस केरला' म्हणून मिळणारा डेनिसन बार्ब निवडला. जंगलातून धरलेला नको, पैदास केलेलाच हवा, एवढी अट घातली. बेळगावच्या थंडीसाठी एक मोठा हीटर न लावता दोन लहान लावले आहेत, म्हणजे एखादा चालूच राहून अडकला तरी पाणी उकळणार नाही. वीस मासे सोडले त्या संध्याकाळी ते सगळेच्या सगळे, पूर्वी खड्डा होता त्याच कोपऱ्यात जाऊन थांबले होते.