कोकणातल्या नव्या घराचं आतलं काम : माझा अनुभव

दापोलीजवळ गावच्या जागेत आम्ही घर बांधलं. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी. आई-आप्पा तिथे कायमचे राहणार, आम्ही पुण्याहून सुट्ट्यांना येणार. प्लास्टर व्हायच्या आधीच आतल्या कामासाठी सल्ला घ्यायचा, हे बायकोने ठरवलं होतं आणि ते फार योग्य झालं.

पहिला सल्ला पुण्यातल्या एका डिझायनरांचा. त्यांनी कॉम्प्युटरवर सुरेख चित्रं करून दिली: राखाडी लॅमिनेट, गुळगुळीत टाइल, सगळीकडे फॉल्स सीलिंग. फ्लॅटला ते शोभलं असतं. पण कौलारू घरात वरची गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. तिथे छत बंद केलं की खाली उकडतं आणि वरच्या पोकळीत उंदरांना घर मिळतं. आप्पांनी चित्र बघून एवढंच विचारलं, "कौल फुटलं तर वर कसं जायचं?"

मग रत्नागिरीच्या एका ताईंचं नाव कळलं. इंटिरियरचं शिक्षण घेतलेल्या आणि कोकणातच कामं करणाऱ्या. त्या फक्त सल्ल्याची ठरावीक फी घेतात, कामाच्या खर्चावर टक्केवारी नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण खर्च वाढवण्यात त्यांचा काही फायदा नसतो. त्यांनी रंगांचं पुस्तक काढलंच नाही. आईला विचारलं, "काकू, गणपती कुठे बसतो? त्या दिवसांत माणसं किती असतात? पावसात कपडे कुठे वाळत घालता?"

या तीन प्रश्नांतून अर्धं घर ठरलं. गणपतीसाठी माजघराच्या भिंतीत रुंद कोनाडा, वर मंडपी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) टांगायला हुक आणि बाजूला दिव्यांचे पॉइंट. मागच्या पडवीत दोऱ्यांसाठी कड्या आणि पंखा. प्लास्टरआधी भिंतीवर खडूने प्रत्येक बटणाची जागा आखली, त्यामुळे नंतर कुठे भिंत फोडावी लागली नाही. ओट्याची उंची ठरवताना ताईंनी आईला उभं करून कोपरापर्यंतची उंची मोजली आणि ओटा ३१ इंचांवर घेतला. नेहमीचा ३३-३४ इंचांचा ओटा आईला उंच पडला असता. वर्षानुवर्षं उंच ओट्यावर पोळ्या लाटून तिचे खांदे दुखायचे. घर कोणासाठी आहे हे इतक्या नेमकेपणाने बघणारी व्यक्ती भेटली, याचा मला आजही आनंद वाटतो.

जमिनीसाठी त्यांनी लाल कोबा, म्हणजे घोटून गुळगुळीत केलेली सिमेंटची लाल जमीन सुचवली. चकचकीत टाइलला पावसाळ्यात घाम सुटतो आणि म्हातारी माणसं घसरतात. कोब्याचे कारागीर आता मोजकेच उरलेत, आम्हाला शेजारच्या गावचे गवंडी मिळाले. त्यांनी ऑक्साईड मिसळून थापीने घोटून घोटून थर दिला आणि कोब्यावर रोज पाणी ठेवायला लावलं. घाई केली असती तर तडे गेले असते. पडवीत मात्र खरखरीत कोटा फरशी घातली.

लाकडाबद्दल ताई आणि आमचे सुतारकाका यांचं सुरुवातीला जमेना. ताईंना स्वयंपाकघरात आयएस ७१० या मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय हवा होता, काका म्हणत होते, फणसाचं लाकूड असताना प्लाय कशाला? शेवटी दारं-खिडक्या फणसाच्या, कपाटांचे सांगाडे प्लायचे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) दोघांनीही नाकारलं, कारण ओल लागली की ते फुगतं. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवली नाहीत. मागे दोन बोटं जागा सोडली आणि हवेसाठी खाली-वर झरोके ठेवले. नाहीतर श्रावणापर्यंत कपड्यांना बुरशी येते. समुद्र जवळ असल्यामुळे बाहेरच्या बिजागऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असल्याने खाऱ्या हवेत त्या नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा जास्त टिकतात. महाग पडल्या, पण माझ्या मते खर्च करायचा तर अशा ठिकाणीच करावा.

रंग सगळ्यात शेवटी. ताईंनी स्पष्ट सांगितलं, "एक पावसाळा जाऊ दे. भिंती ओल कुठे धरतात ते बघू, मग रंग." नातेवाईक विचारत होते, वास्तुशांत झाली तरी भिंती अशाच का. पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल दिसली. आधी बाहेरून तिची दरजबंदी करून घेतली, म्हणजे दगडांमधले सांधे भरले, वर पावसाचा मारा अडवायला पत्र्याची छोटी झड बसवली आणि भिंत पूर्ण सुकल्यावर दिवाळीनंतर आतून चुन्याचा हात दिला. माळ्याचा जिना तेवढा बाकी आहे. त्यासाठी ताई मेमध्ये येणार आहेत.