घोरणारा बैल

"रातभर घोरते जी हा बैल, डाक्टर सायेब. लेकरायले झोप नाही." भंडाऱ्याकडचा शेतकरी, रोवणी तोंडावर आलेली, आणि जोडीतला एक बैल औताला उभा राहीना. नाकातून रक्ताची छटा असलेला घट्ट शेंबूड. टॉर्च मारला तर आत फुलकोबीसारख्या लालसर गाठी. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजून झालं होतं, फरक काहीच नव्हता.

नाकातला स्राव १० टक्के कॉस्टिक द्रावणात विरघळवून सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवला आणि तळाचा थेंब काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली बूमरँगसारखी वाकलेली अंडी दिसली. शिस्टोसोमा नेझेल! १९३३ साली राव यांनी वेगळी जात म्हणून नोंदवलेला चपटा कृमी. याच्याच कुळातल्या स्पिंडेलचं अंडं लांबट नि इंडिकमचं अंडाकृती. त्या दोघांची वस्ती आतड्याच्या शिरांत, त्यामुळे अंडी शेणात सापडतात. याची वस्ती नाकाच्या शिरांत.

हा नि लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला कृमी, एकाच संघातले, प्लॅटीहेल्मिन्थिस. वर्गही एकच, ट्रेमाटोडा. पण लिव्हर फ्लूक पानासारखा चपटा नि उभयलिंगी, तर यात नर-मादी वेगळे. नराचं अंग लांबीत दुमडून पन्हळ होते आणि बारीक मादी त्या पन्हळीतच राहते. या दोन्ही कृमींना वाढीसाठी गोगलगाय लागते. लिव्हर फ्लूकची पिल्लं मात्र पुढे गवताला चिकटतात आणि चाऱ्यातून पोटात जातात. याची थेट पाण्यातून कातडीत घुसतात. म्हणून कुळ ओळखल्याशिवाय मालकाला सल्ला देता येत नाही. इथे चारा बदलून काही होणार नव्हतं, बोडीवर, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यावर, जाणं थांबवायला हवं होतं.

"बोडीत आणखी कोण बसते?"

"म्हैस बसते ना जी. पण ते ठणठणीत हाय."

मला तीच हवी होती. म्हशीत गाठी सहसा वाढत नाहीत, घोरणंही नसतं. अंडी मात्र पडत राहतात. संध्याकाळी तिच्या नाकाचा नमुना घेतला, तर तीच वाकडी अंडी. बोडीच्या काठावर चपट्या वेटोळ्याच्या इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगायी ओंजळभर निघाल्या. बैलावर उपचार करून म्हैस तशीच सोडली असती, तर पुढच्या पावसाळ्यात गोठ्यातलं दुसरं जनावर घोरू लागलं असतं.

दोघांनाही लिथियम अँटिमनी थायोमॅलेटचं इंजेक्शन सुरू केलं, खोल स्नायूत, आठवड्याच्या अंतरानं. पाणी घरच्या विहिरीचं पाजायचं ठरलं. त्या बोडीवर बसणाऱ्या शेजाऱ्यांच्या म्हशींची यादी मालकानंच करून दिली.