वाकडी अलाइनमेंट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात काळे करून मी अमेरिकेत आयोवातल्या एका गॅरेजात पोचलो. इथे माझं काम व्हील अलाइनमेंटचं. स्टिअरिंग सोडलं तरी गाडी नाकासमोर गेली पाहिजे, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे झाले पाहिजेत. एका शनिवारी सकाळी मात्र नव्वदच्या दशकातली एक होंडा सिव्हिक ट्रेलरवरून उतरली. काचा गायब, आत पाइपांचा पिंजरा आणि एकुलती एक सीट. चालवणारी कॉलेजातली पोरगी, सोबत तिचे वडील. जवळच्या ट्रॅकवर चार सिलिंडरच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या गटात ती धावते. ट्रॅक मातीचा आणि लंबगोल, शर्यत घड्याळाच्या उलट, म्हणजे वळायचं ते फक्त डावीकडे.

"वळतच नाही," ती म्हणाली. "मी स्टिअरिंग फिरवते आणि गाडी सरळ भिंतीकडे जाते."

मशीनवर घेतली तर पडदा लालेलाल. पण या गाडीला तेच हवं असतं. पुढचं उजवं चाक वरच्या बाजूने आत कललेलं, डावं बाहेर, म्हणजे दोन्ही डावीकडे झुकलेली. टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं, जराशी बाहेर वळलेली. कुणा जाणत्याने लावलेले आकडे होते, मी हात लावला नाही.

टायर बघितले. पुढच्या उजव्याचा बाहेरचा खांदा इतका घासलेला की कडेची अक्षरं पुसट झालेली. सगळा भार त्याच्यावर, त्यामुळे ते अपेक्षितच. डावा मात्र पूर्ण रुंदीभर गुळगुळीत, नक्षीच्या कडा गोल झालेल्या. आतलं चाक वळणात हलकं होऊन जागच्या जागी फिरत होतं. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल साधंच, त्यामुळे एक चाक मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्यालाही ओढ मिळत नाही. ते वेल्ड करून दोन्ही चाकं एकत्र जखडायला त्या ट्रॅकच्या नियमांत बंदी.

मग चाकं काढली. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांची टोकं ग्राइंडरने कापलेली.

"नाक खाली यावं म्हणून एकेक वेढा उडवला," वडील म्हणाले, जरा अभिमानानेच. "आणि मागे मऊ स्प्रिंगा घातल्या, पकड यावी म्हणून."

नाक खाली आलं होतं खरं. पण वेढे कमी केले की स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते. पुढचं कडक नि मागचं मऊ अशी गाडी वळणात कलली की भाराची उलथापालथ जास्त करून पुढच्या चाकांवरच होते: उजवं दबतं, डावं उचललं जातं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये ओढायचं आणि वळायचं ही दोन्ही कामं पुढच्याच चाकांकडे, आणि त्यातलं एक अर्धं हवेत! पुढचं दुखणं म्हणून सगळे पुढेच खुडबुड करतात. मला तर इथे मागच्या टायरांची पकड घालवायची होती. पण गिऱ्हाइकाला तसं सांगितलं की तो संशयानेच बघतो. वडीलही बघत राहिले.

न कापलेल्या स्प्रिंगा त्या दिवशी मिळणार नव्हत्या. मग पुढच्या अँटी रोल बारच्या, म्हणजे गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या, लिंक सोडवल्या, म्हणजे पुढचं कलायला मोकळं झालं. मागच्या उजव्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा ठोकळा बसवला. तो कोपरा कडक झाला की वळणात त्याच्या तिरक्या समोरच्या, म्हणजे पुढच्या डाव्या चाकावर भार येतो. मागची पकड कमी व्हावी म्हणून मागच्या टायरांत हवा 45 पीएसआयपर्यंत चढवली. आमच्या मालकांनी दुपारनंतर मला मोकळं केलं आणि मी त्या बापलेकीबरोबर ट्रॅकवर गेलो.

पहिल्या फेरीच्या शर्यतीला माती ओलसर, चिकट होती. मी आतल्या कठड्याजवळ उभा होतो. गाडी वळणात शिरली आणि मागचं डावं चाक जमिनीपासून चांगलं चार बोटं वर! पुढचं डावं मात्र जमिनीला घट्ट, माती फेकत ओढतंय. शेजारचा मेकॅनिक ओरडला, "चाक उचललंय!" मी मान डोलावली. हेच पाहायला आलो होतो.

अंतिम शर्यतीपर्यंत माती सुकून फरशीसारखी गुळगुळीत झाली आणि मागची बाजू जरुरीपेक्षा जास्त सुटायला लागली. अशा वेळी या गाडीत गॅस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, सोडला तर भार पुढे येतो आणि मागचं आणखीच फिरतं; गॅस दाबून धरला तर पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. पोरीला ते अंगवळणी होतं. दोनदा गाडी जवळजवळ आडवी झाली, दोन्ही वेळा तिने गॅस दाबूनच सावरली. पाचवी आली.

ती उतरल्या उतरल्या वडील ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "असाच डाव्या बाजूलाही घालू या का?"

"आधी मागच्या टायरांची हवा थोडी उतरवू," मी म्हणालो. "आणि सोमवारी न कापलेल्या स्प्रिंगा मागवा."


पोरगी हसली. ग्राइंडर आता कुलपात ठेवणार म्हणाली.