सैतानापेक्षा पुस्तकवेडे भारी

आजची सुट्टी सत्कारणी लागली. जेवणही पुस्तक हातात धरूनच उरकलं (घरच्यांची बोलणी खाल्ली, चालायचंच) आणि आर्तुरो पेरेझ-रेव्हर्ते यांची 'द क्लब दुमास' संपवली. मूळ स्पॅनिश, १९९३ ची. मी अर्थात इंग्रजीतून वाचली.

लुकास कोर्सो हा दुर्मिळ पुस्तकांचा दलाल. १६६६ साली व्हेनिसमध्ये छापलेलं सैतानाला बोलावण्याचं एक पुस्तक, त्याच्या उरलेल्या तीन प्रती, आणि त्यातली खरी कोणती हे शोधायची सुपारी याला. पुस्तक काल्पनिकच, पण त्यातली चित्रं कादंबरीत छापलीत, आणि प्रतीगणिक त्यांत बारीक फरक आहेत. मग काय, कोर्सोसोबत मीही पानं मागेपुढे करत किल्ली कुठल्या हातात आहे ते बघत बसले!

मंत्रतंत्राने फारशी भीती वाटली नाही. जीव अडकला तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावच्या फार्गास या पुस्तकसंग्राहकामध्ये. मोठा वाडा, फर्निचर विकून झालेलं, ग्रंथ जमिनीवर मांडलेले. उरलेली वाचवण्यासाठी हा माणूस अधूनमधून एक पुस्तक विकतो, आणि कुठलं विकायचं हे ठरवताना कासावीस होतो.

शेवटी दुमासचा ('थ्री मस्केटिअर्स'चा लेखक) धागा आणि सैतानाचा धागा यांचं लेखक जे करतो, त्यावर काहीजण चिडतील. मला आवडलं. यावरच्या दिग्दर्शक पोलान्स्कीच्या १९९९ च्या 'द नाइन्थ गेट' सिनेमात दुमास गाळलाय, तेव्हा तो पाहिलेल्यांनीही बिनधास्त वाचा.

माझी प्रत मात्र मागू नका. आईने आत्ताच पळवलीय.