तुम्ही विचारलंत म्हणून : पोटातला आजार पायात कसा आला?

जळगावात कॅन्सरचे रुग्ण तपासताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर उपचार सुरू असतात आणि एके दिवशी रुग्णाचा एकच पाय सुजतो, पोटरी दुखू लागते. सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसते. रावेरकडच्या एका केळी उत्पादकाच्या मुलाने मला अहिराणीत विचारले होते, "पोटना आजार पायमा कसा उना?" कॅन्सरची गाठच पायात उतरली, असे त्याला वाटले होते. तसे नव्हते. पोटातली गाठ वेगळी आणि पायातली गुठळी वेगळी, परंतु दोघींचे नाते मात्र फार जवळचे आहे.

पॅरिसचे वैद्य आर्मां त्रूसो यांनी हे नाते १८६५ साली आपल्या व्याख्यानात मांडले. पुढे त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली, तेव्हा आपल्याला कॅन्सर आहे हे त्यांनी ओळखले आणि १८६७ मध्ये जठराच्या कॅन्सरनेच त्यांचा मृत्यू झाला. हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो.

त्या मुलाला मी पाटाच्या पाण्याचे उदाहरण दिले. पाटाची कड फुटली की आपण मातीची ढेकळे टाकतो आणि ती वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांत पाचट दाबतो. जखम झाल्यावर शरीर हेच करते : प्लेटलेट म्हणजे ढेकळे आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे म्हणजे पाचट. या कामाची हाक देणारे प्रथिन म्हणजे टिश्यू फॅक्टर. ते एरवी रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर असते, त्यामुळे वाहिनी फुटल्याशिवाय रक्ताशी त्याची भेट होत नाही. अनेक कॅन्सरपेशी मात्र हेच प्रथिन आपल्या अंगावर भरपूर प्रमाणात बाळगतात आणि त्याचे सूक्ष्म कण रक्तात सोडतात. कड फुटलेली नसतानाच हाक जाते, थ्रॉम्बिन नावाचे प्रथिन तयार होते, ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिनचे धागे करते आणि वाहत्या शिरेत बांध पडतो.

मात्र ही प्रथिने केवळ शीर तुंबवून थांबत नाहीत. ती कॅन्सरलाच हातभार लावतात, आणि माझ्या मते लोकांना सांगायला हवी ती गोष्ट हीच आहे. थ्रॉम्बिन कॅन्सरपेशीच्या पृष्ठभागावरील संकेत झेलणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला) छेद देऊन तिला हालचालीचा आणि फैलावाचा संकेत देते. फायब्रिनची जाळी गाठीभोवती मांडवासारखी उभी राहते आणि तिच्या आधाराने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. गाठीपासून सुटून रक्तात आलेल्या पेशीभोवती प्लेटलेट आणि फायब्रिन यांचे कवच तयार झाले, की आपल्या शरीरातील मारक पेशींना ती सहज सापडत नाही. फायब्रिनोजेन नसलेल्या उंदरांवरील प्रयोगांत फुप्फुसात पसरलेल्या गाठी कमी आढळल्या, तेव्हा हे केवळ अनुमान उरले नाही. हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी १९८६ मध्ये कॅन्सरच्या गाठीला न भरणारी जखम म्हटले होते. जखम भरून काढण्याची शरीराची सारी तयारी ती गाठ आपल्यासाठी राबवून घेते, आणि काम संपल्याचा निरोप कधीच देत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी कॅन्सरच थांबणार नाही का? ही आशा संशोधकांनाही होती. परंतु फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या उपचारांना हेपॅरिन या अशाच औषधाची जोड देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत गुठळ्या कमी झाल्या, आयुष्य मात्र वाढले नाही. शिवाय या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या पाहून कोणी त्या स्वतःहून सुरू करू नयेत. गुठळी झालीच असेल, तर तीच औषधे जीव वाचवतात. कारण तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर काही मिनिटांतही मृत्यू येऊ शकतो.

एकाच पायाला सूज येणे, अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या केमोच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. उपचारांसाठी रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांनी तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसू नये, अधूनमधून डब्यातच चार पावले चालावे, हेही सांगतो. त्या मुलाने वडिलांच्या पोटाच्या कातडीत हेपॅरिनचे इंजेक्शन द्यायला दोन दिवसांत शिकून घेतले आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायला घरून शिंप्याची टेप आणली.